जोथमची दोन जास्तीची वर्षं

मु. ॲशफर्ड लँडिंग, ओहायो
ता. २० मे १८६९

ती. केझायाताईस,
जोथमचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि मेपल साखरेचा डबा, दोन्ही सुखरूप पोचले. डबा माझ्यापर्यंत येईस्तोवर सब्रानं त्यात चमचा घातलाच होता. (आत्या, मी निदान चमचा तरी घेतला. बाबांनी सरळ बोट घातलं. – सब्रा)

नेहमीसारखं अक्षर लेकीचं, मजकूर माझा. डोळ्यांचं तेच ते. डॉक्टर म्हणतो मोतीबिंदू पिकलाय, सुरी लावू या. त्याचे हात किती थरथरतात ते मी त्याच्याशी हात मिळवताना ओळखलंय, तेव्हा ती गोष्ट राहू दे. खिडकी कुठे आहे ते कळतं, माणूस उभा आहे एवढं कळतं, कोण ते आवाजावरून कळतं. कोर्टात काही अडत नाही. प्रत्येक कागद भर कोर्टात मोठ्यानं वाचायचा असा मी नियमच घातलाय. वकिलांना वाटतं, म्हातारा फार कसून काम करतो. (त्यांना तसं मुळीच वाटत नाही. ते भले लोक आहेत, म्हणून गप्प बसतात.)

एक गंमत ऐक. यंदा वॉशिंग्टनला कायदा झाला. संघराज्याच्या ज्या न्यायाधीशानं दहा वर्षं काम केलंय आणि सत्तरी गाठलीय, त्यानं राजीनामा दिला तर मरेपर्यंत पूर्ण पगार चालू. आजवर आम्ही लोक खुर्चीतच मरायचो, कारण खुर्ची सोडली की चूल बंद. आता तू हसशील. मी प्रतिनिधीसभेत होतो तेव्हा असंच एक बिल आलं होतं आणि ते पाडायला सगळ्यांत मोठ्यानं ओरडलो होतो मी. न्यायाधीश म्हणजे काय म्हातारा घोडा आहे, की कुरणात सोडून फुकट दाणा घालायचा, असं मी म्हणालो होतो. इथल्या वर्तमानपत्रानं ते भाषण शोधून परवा पुन्हा छापलं. सब्रानं मला ते असं ठासून वाचून दाखवलं की मलाच माझा राग आला.

आणखी एक बातमी. लायमन टेनीला तू मागे भेटली होतीस, तो पूल बांधणारा. आता रेल्वे पार पॅसिफिकपर्यंत गेली, त्याला ओरेगॉनात मोठं काम मिळालंय. ऑक्टोबरात निघणार. जाण्याआधी त्यानं रीतसर येऊन माझ्याकडे सब्राला मागणी घातली. मी म्हटलं, तिला विचार. तिनं त्याला सांगितलं की बाबांचे डोळे इथे आहेत, ते ओरेगॉनला नेता येत नाहीत. मी तिथेच बसलो होतो, ताई, एखाद्या अडगळीतल्या खुर्चीसारखा. (हा परिच्छेद लिहायचा की नाही हे मला कुणी विचारलं नाही.)

गुडघ्यांना जप. मेंढ्यांची लोकर उतरली का ते कळव. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
जोथम व्हीलॉक


मु. नॉर्थ पेल्टन, व्हरमॉंट
ता. ११ जून १८६९

चि. जोथम यास अनेक आशीर्वाद.

सब्रा, हे पत्र वाचताना आवाज बारीक करायचा नाही आणि माझे शब्द मऊ करून सांगायचे नाहीत. तुझी खोड मला ठाऊक आहे. पाणी पी आणि वाचायला लाग.

जोथम, तुला लाज वाटत नाही का रे? पोरगी एकतिशीची झाली. तिची आई गेल्यापासून घर तिनं सांभाळलं, आणि गेली चार वर्षं तुझे खटले, तुझे निकाल, तुझी पत्रं, सगळं तिच्या डोळ्यांनी आणि तिच्या हातानं चाललंय. कोर्टाच्या पाटीवर नाव मात्र तुझं. तो पूलवाला चांगला माणूस आहे. माझ्याकडे जेवायला बसला तेव्हा न सांगता त्यानं डुगडुगणाऱ्या टेबलाचा पाय नीट केला होता. असा जावई हातचा घालवू नकोस.

आणि तो कायदा म्हणजे गंमत काय, चालून आलेली संधी आहे. तू खरा अडुसष्ट वर्षांचा. तू जन्मलास तेव्हा याच घरात मी दिवा धरून उभी होते, मला कुणी शिकवायला नको. पण ओहायोला हे कुठे माहीत आहे? विशीतला पोरगा तू, कायद्याचं एक पुस्तक घेऊन पश्चिमेला गेलास. तिथल्या लोकांना तुझं बोलणं आवडलं, तुला प्रतिनिधीसभेवर पाठवायचं ठरलं. त्याला पंचविशी लागत होती आणि तू होतास तेवीस. एका निवडणुकीत तू दोन वर्षांनी थोरला झालास. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली होती, बाळंत मी झाले होते की ओहायो? आठवतं ना?

तेव्हापासून जिथे जिथे तुझं नाव छापलंय तिथे जन्मसाल सतराशे नव्व्याण्णवच आहे. म्हणजे जगाच्या हिशेबी तू सत्तरीचा झालास. दे राजीनामा, घे पगार. त्यात वाचायला एक माणूस ठेव, स्वयंपाकाला एक बाई ठेव, आणि पोरीला जाऊ दे. शिल्लक टाकायची अक्कल तुला कधीच नव्हती, सगळं पुस्तकांत घातलंस. माझ्यापाशी काय, तर मेंढ्या आणि दुखरे गुडघे. तेव्हा ती दोन जास्तीची वर्षं आता तरी कुणाच्या उपयोगी पडू देत.

लोकर चांगली उतरली. काळ्या मेंढीनं मला पाडलं, पण मीही तिला सोडलं नाही. जिव्हाळा असू द्यावा, आणि थोडी अक्कलही.

तुझी थोरली बहीण,
केझाया


मु. ॲशफर्ड लँडिंग, ओहायो
ता. ६ जुलै १८६९

ती. केझायाताईस,
सा. न. वि. वि.

सब्रानं तुझं पत्र एक शब्द न गाळता वाचलं. वयाच्या ठिकाणी ती थांबली. तिला हे माहीतच नव्हतं. मग इतकी हसली की शेजारची बाई डोकावून गेली. (आत्या, बाबा तेविशीत सभागृहात बसून थोरामोठ्यांना कायदा शिकवत होते हे आधी का नाही सांगितलंस? मी लहानपणी किती बोलणी कमी खाल्ली असती!)

आता माझं ऐक. त्या वेळी खानावळीत बसलेल्या मंडळींनी पंचवीस असं लिहून टाकलं आणि मी ते खोडलं नाही. पुढे ज्यानं त्यानं ते उतरवून घेतलं. मला कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. माझी फुशारकीच होती ती, नाही म्हणत नाही. पण हा राजीनामा वेगळा आहे. इथे मी स्वतः माझ्या सहीनं सरकारला सांगणार की माझी सत्तरी झाली, पगार चालू ठेवा.

ताई, गेल्या हिवाळ्यात माझ्यासमोर हल्डा कॉग्सवेल नावाची एक बाई उभी होती. नवरा लढाईत गेला. सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी सरकार पेन्शन देतं. मुलगा सोळाचा झाला, तिनं शपथेवर चौदा सांगितला. कपडे धुऊन पोट भरणारी बाई. ती मला म्हणाली, साहेब, दोनच तर वर्षं. कायद्यात तिच्यासाठी कुठे फट सापडते का ते मी सब्राकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. नाही सापडली. मी तिला तुरुंगात धाडलं. ती अजून तिथेच आहे.

आता माझीही दोनच वर्षं आहेत. तीच गोष्ट मी कोणत्या तोंडानं करू? खरी सत्तरी येईपर्यंत मी खुर्ची सोडणार नाही. सब्राला सांगितलं, तू जा, मी एखादा कारकून बघतो. पण कुणा परक्याच्या डोळ्यांवर कोर्ट चालवायचं म्हणजे ते कोर्ट त्याचंच झालं, हे तिलाही कळतं. ती जात नाही. लायमन दोन वर्षं थांबू शकत नाही, त्याचा करार झालाय. मार्ग दिसत नाही. (यावर मी काही लिहीत नाही.)

चिडू नकोस. चिडलीस तरी पत्र पाठव.

तुझा,
जोथम


मु. नॉर्थ पेल्टन, व्हरमॉंट
ता. १४ ऑगस्ट १८६९

चि. सब्रा हिस आशीर्वाद.

मोज्यांच्या जोडीत कागद सापडला म्हणून दचकू नकोस. हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे. तुमच्या घरी टपाल मोठ्यानं वाचतात, मग म्हातारीनं करायचं तरी काय?

तुझ्या बापाचं म्हणणं मी चारदा वाचलं. तो बरोबर बोलतोय आणि म्हणूनच मला त्याचा इतका राग आलाय. त्या कॉग्सवेल बाईचं मला वाईट वाटतं. पण तिच्या तुरुंगात आता तूही जाऊन बसायचं, हा कुठला न्याय? आयुष्यभर त्यानं सरकारची चाकरी केली, तीही आंधळा होईस्तोवर. सरकारनं दोन वर्षं आधी त्याला घरी बसवून खायला घातलं तर कुणाचं घर बुडणार आहे?

तेव्हा नीट ऐक. तो आज नाही म्हणतोय. पण तू जात नाहीस हे त्याला खातंय, मी त्याला पाळण्यापासून ओळखते. एक दिवस तो म्हणेल, घे कागद, राजीनामा लिही. आणि वय खरं सांगेल, स्वतःचं नुकसान करून घेईल. लेखणी तुझ्या हातात असेल, सब्रा. तू सत्तर लिही. तू बोट ठेवशील तिथे तो सही करतो. त्याला कळणारही नाही, पगार येत राहील, आणि तू तुझ्या संसाराला लागशील. जे काही पाप असेल ते माझ्या खाती घाल. माझं वय बघता मला त्याचा जाब फार लवकर द्यायचाय, तेव्हा उधारी राहणार नाही.

हा कागद चुलीत टाक. मोजे मात्र टाकू नकोस, डावा जरा सैल झालाय. माया आहे म्हणून सांगते.

तुझी,
आत्या


मु. ॲशफर्ड लँडिंग, ओहायो
ता. २३ सप्टेंबर १८६९

ती. आत्यास,
सब्राचा सा. न. वि. वि.

हे पत्रही माझं एकटीचं आहे. बाबांच्या नकळत टपालात टाकतेय, आणि असं करायची माझी ही पहिलीच वेळ. तू मला चोर करून ठेवलंस, आत्या. तुझा कागद मी चुलीत टाकला, पण त्यातलं वाक्य काही जळलं नाही. बाबांच्या समोर बसून वाचताना ते डोक्यात घोळत असतं. इतकी रागावलेय तुझ्यावर की मोजे दोन दिवस घातले नाहीत. मग थंडी पडली.

मंगळवारी कोर्टात जे झालं ते सांगते. बनावट नोटांचा खटला होता. आरोपी एक खोगीर शिवणारा. नोट खोटी आहे हे त्याला पाहताक्षणी कळायला हवं होतं, असं सरकारी वकिलाचं म्हणणं. आरोपीचे वकील मिस्टर ड्रेक म्हणाले की नोट इतकी हुबेहूब आहे की कुणीही फसेल, न्यायमूर्तींनी स्वतः पाहावी. त्यांनी मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. ते सिनसिनाटीहून आलेले, त्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नव्हती.

नोट बाबांच्या हातात आली. नोट काय मोठ्यानं वाचायची? त्यांनी ती बोटांनी चाचपली, खिडकीकडे धरली. सगळं कोर्ट खाली मान घालून बसलं. मग बाबांनी हात पुढे केला, माझ्या दिशेनं. मी नेहमीसारखी कठड्याजवळ बसले होते. मी उठले, नोट घेतली, आणि त्यांच्या कानाशी सांगितलं की शाई पसरलीय पण चटकन कळण्यासारखं नाही. तेव्हा मिस्टर ड्रेक उभे राहिले आणि अगदी अदबीनं म्हणाले की न्यायमूर्तींच्या कन्येची साक्ष होणार असेल तर आधी तिला शपथ द्यावी.

सगळे हसले. बाबाही हसले. म्हणाले, मिस्टर ड्रेक यांचा मुद्दा कायद्याला धरून आहे. आणि खटला पुढच्या सत्रावर टाकला, दुसऱ्या जिल्ह्याच्या न्यायाधीशासमोर चालवायला.

घरी आल्यावर जेवले नाहीत. डुकराचं मांस आणि घेवडा, त्यांच्या आवडीचं, तसंच राहिलं. संध्याकाळी म्हणाले की त्या खोगीरवाल्याला आज मी सोडलं असतं किंवा धाडलं असतं, तर तो निकाल माझा नसता, तुझा असता. आणि तू चूक असतीस तर तो कुणाकडे दाद मागणार होता? चार वर्षं मी त्यांना मदत करतेय असंच मला वाटत होतं.

लायमन काल येऊन गेला. तो म्हणतो बाबांनाही ओरेगॉनला नेऊ. बाबा म्हणाले की ज्यांचे आवाज ओळखीचे आहेत अशाच माणसांत मला म्हातारं व्हायचंय. लायमन सतरा तारखेला निघतोय. मी त्याला हो म्हटलं नाही, पण नाही म्हणायलाही जीभ वळली नाही.

आज सकाळी बाबा म्हणाले, या आठवड्यात चांगला कागद आणून ठेव. मी आणलाय.

तुझी,
सब्रा


मु. ॲशफर्ड लँडिंग, ओहायो
ता. १ ऑक्टोबर १८६९

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल न्याहारी झाल्यावर बाबा टेबलाशी बसले. केस विंचरले होते, कोर्टाचा कोट घातला होता. राजीनामा राष्ट्राध्यक्षांच्या नावानं. त्यांनी सावकाश सांगितलं, मी लिहिलं. इतकी वर्षं काम करू दिल्याबद्दल आभार. दृष्टी गेल्यामुळे हे काम आता प्रामाणिकपणे होणार नाही. आणि मग, माझं वय अडुसष्ट आहे, आजवर जे छापलं गेलं ते चुकीचं होतं, तेव्हा नव्या कायद्याखाली मी काही मागत नाही.

आत्या, मी सत्तर लिहिलं. मागणी करतो, असंही लिहिलं. हात जरासुद्धा अडखळला नाही, मलाच नवल वाटलं. डोळ्यांपुढे तुझं पत्र नव्हतं गं. बाबा होते, तुझ्या घरातल्या खुर्चीत, बिनपैशाचे, चहासुद्धा मागून घेणारे. ते मला बघवेना.

शाई वाळली. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला, लेखणी त्यांच्या हातात दिली, आणि नेहमीसारखं त्यांचं बोट धरून सहीच्या जागेवर नेलं. त्यांनी सही केली नाही. लेखणी खाली ठेवली आणि माझा हात आपल्या हातात घेतला. म्हणाले, चार वर्षं तुझ्या हातानं मी सही करतोय, सब्रा, आज तुझा हात गार पडलाय. काय लिहिलंस असं विचारलं नाही. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले की दुसरा कागद घे, मी बसलोय.

मी खूप रडले. ते खरंच बसून राहिले. मग मी दुसरा कागद घेतला आणि त्यांनी सांगितलं ते लिहिलं. माझ्या हातून ते लिहवत नव्हतं, पण लिहिलं. सही जरा तिरकी आलीय, शेवटचा के ओळीच्या खाली उतरलाय. पहिला कागद त्यांनी स्वतः चाचपून उचलला आणि शेकोटीत टाकला. म्हणाले, यात काय होतं ते मला माहीत नाही आणि कधी माहीत होणारही नाही. आता लायमनला बोलावणं धाड.

त्यांनी तुझ्यासाठी निरोप सांगितलाय. ते तुझ्याकडे राहायला येताहेत. विचारत नाहीत, कळवताहेत. तू नाही म्हणणार नाहीस याची त्यांना खात्री आहे. लग्न बारा तारखेला इथेच उरकतोय, अगदी घरचं. त्यांना तुझ्याकडच्या गाडीत बसवून द्यायला लायमनचा भाऊ न्यूयॉर्कपर्यंत सोबत जातोय. मला जावं असंही वाटतं आणि जाऊ नये असंही. सांभाळ त्यांना. चहात साखर ते नको म्हणतात, पण घालायची.

तुझी,
सब्रा


मु. नॉर्थ पेल्टन, व्हरमॉंट
ता. ८ फेब्रुवारी १८७०

चि. सौ. सब्रा हिस अनेक आशीर्वाद. लायमनलाही.

तुझं पत्र आणि फोटो परवा बर्फातून कसेबसे पोचले. आम्ही दोघं जिवंत आहोत. खालची खोली त्याला दिली. विहिरीपर्यंत दोर बांधलाय, तो धरून तो स्वतः पाणी आणतो आणि निम्मं सांडतो. मी काही बोलत नाही. म्हणजे बोलते, पण तो ऐकत नाही.

तिकडच्या वर्तमानपत्रांनी बरीच मजा केली. एकानं लिहिलं, व्हीलॉक सभागृहात बेकायदा बसले होते, तेव्हा त्यांचं प्रत्येक मत रद्द समजावं. ते वाचल्यावर हा खूश. म्हणाला, चला, म्हणजे ते घोड्याचं भाषणही रद्द झालं. सरकारकडून आभाराचं एक पत्र आलं, सोबत काही नव्हतं. गावातले दोन तरुण वकील आठवड्यातून एकदा येऊन बसतात, कायदा विचारतात आणि जाताना लाकडं फोडून देतात. इतकी लाकडं या घरात आजवर कधी नव्हती. हल्डा कॉग्सवेलच्या माफीसाठीही त्यानं त्यांच्याकडून अर्ज लिहून घेतला आणि त्यात आपलीही गोष्ट घातली. उत्तर आलेलं नाही. तो रोज विचारतो.

माझी चूक झाली असं मी म्हणणार नाही. तुला सुख मिळावं म्हणून सांगितलं आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन. पण इथे खुर्चीत त्याला बसलेला बघते तेव्हा वाटतं, हा माणूस कुणाच्याच उपकाराखाली बसलेला नाही, माझ्याही नाही. चहा तर हुकूम सोडून मागतो.

आता फोटोचं. त्यानं तो हातात घेतला, बोट फिरवलं आणि कशी दिसते म्हणून विचारलं. मी म्हटलं, तिच्या आईसारखी, हुबेहूब. त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं, दुसरं काय! त्यानं फोटो माझ्यापुढे धरला. म्हणाला, ताई, माझ्याकडे आता फक्त तुझे डोळे आहेत. मग मी चष्मा पुसला, फोटो खिडकीशी नेला आणि खरं ते सांगितलं. नाक आपलं आहे, व्हीलॉकांचं, मोठं. कपाळावर आठी आहे. केस नीट बसले नाहीत. लायमनचा हात तुझ्या खांद्यावर आहे आणि तू हसायचं नाही असं ठरवलंयस, पण तुला ते जमलेलं नाही.

त्यानं ते पुन्हा सांगायला लावलं. मग उशीर होईपर्यंत फोटो उलटा धरून बसला होता. मी तो सुलटा केला नाही.

पत्र पाठवत जा. मी सगळं वाचून दाखवते.

तुझी,
केझाया आत्या